सरकारमान्य म्हणजे सरकारी नव्हे

पाटबंधारे खात्यात मी 29 वर्षं कारकुनी केली. 'सरकारी' आणि 'सरकारमान्य' यांतला फरक झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. देशी दारूच्या दुकानावरही 'सरकारमान्य' लिहिलेलं असतं, म्हणून ते दुकान काही सरकार चालवत नाही. तरीही मुलाच्या जर्मनीतल्या प्रवेशाच्या वेळी याच शब्दापायी आमचे अडीच लाखांहून जास्त रुपये गेले, आणि त्याचं एक वर्ष गेलं.

मुलगा मेकॅनिकलचा बीई, चाकणला दोन वर्षं नोकरी. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, सत्राला शे-तीनशे युरोंचा आकार तेवढा असतो, हे आता पुण्यात सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत आहे. तेवढ्यावरच आमचं गणित बेतलेलं होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये आम्ही फर्ग्युसन रस्त्याच्या बाजूच्या गल्लीतल्या एका कन्सल्टन्सीत गेलो. भिंतभर मुलांचे फोटो, प्रत्येकाच्या हातात ऑफर लेटर. समोरचा मुलगा माझ्या मुलाएवढाच असेल. "काकू, जर्मनी म्हणजे फी झीरो. तुम्ही फक्त आमच्यावर सोडा." आठ अर्ज, एसओपी म्हणजे हाच कोर्स का करायचा ते सांगणारा निबंध, व्हिसाची फाइल, सगळं मिळून 65,000 रुपये. आम्ही सोडलं त्यांच्यावर.

पहिली चूक तिथेच झाली, पण ती तेव्हा सोय वाटली. अर्जांसाठी त्यांनी मुलाच्या नावाने नवीन ईमेल उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "तुमच्या रोजच्या मेलमध्ये एखादं उत्तर हरवायला नको." हे वाक्य आता आठवलं की मला हसावं की रडावं कळत नाही.

मार्चमध्ये फोन आला, बर्लिनचं ॲडमिशन झालं. पत्रात वर्षाची फी 13,000 युरो. यांनी तिथल्या तिथे विचारलं, फी झीरो होती ना? तर म्हणे यंदा सरकारी विद्यापीठांकडून नकार आलेत, आणि परदेशी मुलांना आता सगळीकडेच फी लागते. त्याने मोबाइलवर बातम्याही दाखवल्या. गंमत म्हणजे बातम्या खऱ्या होत्या! बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. त्यातला 'सगळीकडेच' एवढा शब्द मात्र त्याच्या पदरचा.

मी विचारलं, "पण विद्यापीठ सरकारीच आहे ना?"

"काकू, शंभर टक्के सरकारमान्य. अनाबिनमध्ये एच प्लस आहे."

मला ऐकू आलं सरकारी. अनाबिन म्हणजे परदेशी आणि तिथल्या संस्थांना मान्यता आहे का हे दाखवणारी जर्मन यादी, एच प्लस म्हणजे मान्यता आहे. खासगी संस्थेलाही तो शेरा मिळतो, आणि फीशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे मला तेव्हा कुठून ठाऊक असणार? जागा चार दिवसांत जाईल म्हणाले, म्हणून यांनी ठेव मोडून 2,500 युरो डिपॉझिट भरलं, सव्वादोन लाखांच्या वर. पेढे झाले. ऑफर लेटर हातात धरून मुलाचा फोटोही काढून घेतला त्यांनी.

उरलेले पेढे घेऊन मुलगा मॅक्समुलर भवनातल्या जर्मनच्या वर्गाला गेला. बाईंनी कौतुकाने पत्र मागितलं, खालची बारीक ओळ वाचली आणि गप्प झाल्या. 'श्टाटलिश आनएर्कांट.' श्टाटलिश म्हणजे सरकारी, पुढे आनएर्कांट लागलं की सरकारने मान्यता दिलेलं. खासगी. तीन महिने जर्मन शिकून मुलाने ती ओळ वाचली नव्हती, आणि आयुष्यभर सरकारी कागद वाचून मी विचारला तो प्रश्नही तोंडीच.

एक सांगते, ते विद्यापीठ बोगस नाही. फी माहीत असून तिथे जाणारी मुलं आहेत. आम्हाला ते फी झीरो म्हणून विकलं गेलं, तक्रार एवढीच आहे.

दुसऱ्या दिवशी मुलगा पासवर्ड घेतल्याशिवाय तिथून हललाच नाही. तीन तास बसला. रात्री दोघांनी मेलबॉक्स उघडला. आठ अर्जांतले सहा खासगी संस्थांना. सरकारी दोनच. त्यातल्या एकाने एपीएसचा, म्हणजे भारतीय पदवीची कागदपत्रं तपासल्याचा, दाखला जोडला नाही म्हणून नाकारलं होतं; 18,000 रुपये भरून आणलेला तो दाखला जानेवारीपासून त्यांच्याच कपाटात पडून होता. दुसरं सॅक्सनी राज्यातलं. त्यांनी प्रवेश दिला होता. अमुक तारखेपर्यंत होकार कळवा, असं लिहिलं होतं. तारीख उलटून 19 दिवस झाले होते, आणि मेल कुणीतरी उघडून वाचलेला होता.

सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, खासगी देतात. आमचे 65,000 तर मिळालेच होते, वर त्यांना तिकडूनही मिळणार होते.

डिपॉझिट परत मिळालं नाही. व्हिसा नाकारला तरच परत, अशी अट होती आणि आम्ही स्वतःच माघार घेतलेली. कन्सल्टन्सीने आधी करारातलं 'नॉन-रिफंडेबल' दाखवलं. मी 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याची फी लागत नाही. नोटीस गेल्यावर 40,000 परत आले, तेही "काकू, तुमच्यासाठी म्हणून."

या वेळी मुलगा स्वतः अर्ज करतोय, स्वतःच्या ईमेलवरून. प्रत्येक विद्यापीठाचं नाव आधी होखशूलकोम्पास या संकेतस्थळावर टाकतो. तिथे संस्था सार्वजनिक की खासगी हे सरळ लिहिलेलं असतं. अनेक विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेला पहिल्या अर्जाचे 75 युरो, पुढच्या प्रत्येकाचे 30. बीईचे विषय आणि त्यांची क्रेडिट तिथल्या अटींशी जुळवायला त्याला दोन रविवार लागले, बाकी अवघड असं काही निघालं नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यात, 11,904 युरो ठेवावे लागतील, पण ते त्याच्याच जेवणा-राहण्याचे.

परवा मंडईतून येताना मुद्दाम त्या गल्लीत वाकडी वाट केली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत नवीन फ्लेक्स लागलाय, 'आमचे यशस्वी विद्यार्थी'. वरच्या रांगेत डावीकडून तिसरा माझा मुलगा, ऑफर लेटर हातात धरून हसतोय. काढा म्हणून दोनदा लेखी कळवलंय.