द्राक्षं व्यापाऱ्याला द्यावीत की बेदाणा करावा?

माल उदंड झाला की बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-कागवाड भागात घरोघरी एकच खल चालतो: व्यापारी म्हणेल त्या भावात बाग द्यायची, की वाळवणाच्या शेडवर नेऊन बेदाणा करायचा? आम्ही दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

व्यापाऱ्याला दिली की बाग आठवड्यात मोकळी होते. गोडी 17-18 ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं माप) भरली तरी तो माल तोडतो, वेलीवरचा भार लवकर उतरतो, आणि एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे माल उतरल्यावरच्या मोठ्या छाटणीला, हातात पैसा असतो. पण टंचाईत घरी येऊन बसणारा हाच माणूस आवक वाढली की मणी बारीक, रंग कमी म्हणत पेटीमागं भाव पाडतो. एका साली एकानं आमच्या तीन गाड्या नुसत्या चिठ्ठीवर नेल्या आणि फोन बंद केला. आबांनी त्या चिठ्ठ्या अजून पासबुकात जपून ठेवल्यात. पैसे हातात पडल्याशिवाय गाडी बांधाबाहेर जाऊ देऊ नका.

बेदाण्याला धीर लागतो. गोडी 22 ब्रिक्सच्या वर गेल्याशिवाय बेदाण्याचा उतारा बसत नाही, म्हणजे माल आणखी काही दिवस वेलीवरच. आभाळ भरून आलं की झोप उडते. मग मणी लवकर वाळावेत म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवायचे, शेडमधल्या रॅकच्या जाळीवर पसरायचे आणि दोन आठवडे वाळवायचे. त्यात अवकाळी आला, तर हिरवा व्हायचा माल काळा पडतो.

हिशेब असा मांडा. साधारण 4 किलो द्राक्षांचा 1 किलो बेदाणा. समजा व्यापारी किलोला 20 रुपये देतोय, तर किलोभर बेदाण्यामागं 80 रुपये ही नुसती द्राक्षांची किंमत झाली. शेडभाडं, मजुरी, औषध, प्रतवारी, तासगाव-सांगलीपर्यंतची गाडी, स्टोअरेज आणि अडत बेदाण्याच्या भावातून वजा जाऊन 80 च्या वर उरत असेल तरच बेदाणा परवडला. शिवाय द्राक्ष मातीमोल झालं की सगळेच शेडकडे धावतात, मग बेदाणाही उतरतो. तो कोल्ड स्टोअरेजला थांबू शकतो, द्राक्ष थांबत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण तेवढे दिवस भाडं चढतं आणि सोसायटीचं व्याजही.

म्हणून अंगावर कर्ज असेल तर सगळी बाग बेदाण्याला लावू नका. छाटणी आणि हप्ता भागेल एवढा माल रोखीनं द्या, उरलेल्याचा बेदाणा करा. आणि रॅक आधीच बोलून ठेवा. ऐन मार्चमध्ये मागायला गेलात तर रिकामी मिळत नाही.