कॅपिलरी-प्रवाहाचा संच: सूत्र बरोबर, नळीवरचा आकडा तपासून घ्या

बडोद्यातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बारीक नळीतून द्रव वाहण्याचा जो संच दिसतो, त्याचेच हे परीक्षण. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका पुरवठादाराचा माल आहे. संचात कॉन्स्टंट हेडची (म्हणजे पाण्याची उंची, अर्थात हेड, कायम राखणारी) ॲक्रिलिक टाकी, आडव्या पट्टीवर बसवलेली 30 सेंमी लांबीची काचेची कॅपिलरी (बारीक नळी), दोन टोकांना टी-जोड, पाण्याचा मॅनोमीटर (दाबमापक) आणि 100 मिलीचे मोजपात्र येते. संच घेण्याजोगा आहे. मात्र सोबतच्या पुस्तिकेवर विसंबून गणित केले तर उत्तर चुकेल, आणि चूक कुठे झाली तेही विद्यार्थ्याला कळणार नाही.

टाकी उत्तम आहे. ओव्हरफ्लोची नळी पुरेशी रुंद असल्यामुळे नळ कमीजास्त झाला तरी पातळी हलत नाही. पट्टीखालचे लेव्हलचे स्क्रूही घट्ट बसतात. एवढे नीट असले की दाब भरवशाचा मिळतो आणि खरा प्रश्न त्रिज्येवर येऊन थांबतो.

पुस्तिकेत सूत्र बरोबर छापले आहे: दर सेकंदाचा प्रवाह म्हणजे π गुणिले दाबातला फरक गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले 8 गुणिले व्हिस्कॉसिटी (द्रवाचा दाटपणा) गुणिले लांबी. 1839 मध्ये हागेन या जर्मन अभियंत्याने आणि त्याच सुमारास प्वाझय या फ्रेंच वैद्याने, दोघांनी स्वतंत्रपणे, बारीक नळ्यांवर मोजमाप करून हा संबंध काढला. त्यातला चौथा घात हीच सगळी गोम आहे. त्रिज्येत 1 टक्का चूक म्हणजे प्रवाहात 4 टक्के.

नळीवर चिठ्ठी आहे 1 मिमी बोअरची, म्हणजे आतल्या व्यासाची. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने (मोजपट्टीवर सरकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) तोंडाचा व्यास मोजता येतो, पण त्याचे लघुत्तम माप 0.01 मिमी, म्हणजे तिथेच 4 टक्क्यांची अनिश्चितता आली. शिवाय तोंड कापताना काच जराशी पसरलेली असते आणि आतली नळी कशी आहे ते कळत नाही. त्यापेक्षा कोरडी नळी वजन करा, उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, बाहेरून पुसा आणि पुन्हा वजन करा. मिलिग्रॅम दाखवणारा तराजू पुरतो. 30 अंशांना 1.00 मिमी बोअरच्या 30 सेंमी नळीत सुमारे 0.235 ग्रॅम पाणी मावायला हवे. या संचातल्या नळीत 0.254 ग्रॅम मावते, म्हणजे बोअर 1.04 मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण 1.04 चा चौथा घात 1.17 होतो. पाऱ्याचा धागा ओढून मोजायची जुनी पद्धत अचूक आहे, तरी विद्यार्थ्यांच्या हाती उघडा पारा देऊ नये.

आता आकडे घालू. हेड 20 सेंमी, दाब सुमारे 1950 पास्कल, 30 अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी 0.797 मिलिपास्कल-सेकंद. चिठ्ठीवरचा बोअर धरला तर प्रवाह मिनिटाला 12.0 मिली येतो, खरा बोअर धरला तर 14.0. आणि मोजपात्रात पडतात साधारण साडेतेरा मिली! उरलेला फरक पाण्याला वेग देण्यात खर्च होणाऱ्या दाबाचा आहे. घनता गुणिले सरासरी वेगाचा वर्ग गुणिले सुमारे 1.1, एवढा दाब वजा केला की हिशेब जुळतो. पुस्तिकेत या दुरुस्तीचा उल्लेखही नाही, हे आम्हाला अक्षम्य वाटते. प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक इथे साडेतीनशेच्या आत राहतो, त्यामुळे प्रवाह खळबळता होण्याची भीती नाही.

दुरुस्ती प्रयोगातूनच काढायची असेल तर हेड 10 ते 30 सेंमीपर्यंत बदला आणि हेड भागिले प्रवाह याचा प्रवाहाशी आलेख काढा. सरळ रेषा मिळते. तिच्या उभ्या अक्षावरच्या छेदातून व्हिस्कॉसिटी निघते, उतारात वेगाचा परिणाम वेगळा होतो. मॅनोमीटर मात्र बाजूला ठेवा. टी-जोड कॅपिलरीच्या बाहेर असल्यामुळे तोंडाशी होणारी दाबाची घट त्यातही मोजली जाते, म्हणजे दुरुस्ती टळत नाही.

तापमानाकडे दुर्लक्ष हा दुसरा मोठा घोटाळा. पुस्तिकेत पाण्याची व्हिस्कॉसिटी 1.00 दिली आहे, ती 20 अंशांची. मे महिन्यात बडोद्यात टाकीतले पाणी 40 अंशांच्या जवळ जाते, तिथे ती 0.653 असते, म्हणजे प्रवाह दीडपट. संचात थर्मामीटर नाही. तो टाकीत नव्हे, नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात धरावा.

नळीचे मोकळे टोक हवेत ठेवू नका. थेंब लोंबकळतो तेव्हा पृष्ठताण उलटा दाब देतो, आणि या हेडला तो 2-3 टक्क्यांपर्यंत जातो. टोक पाण्यात बुडवून दोन पातळ्यांमधला फरक मोजा. बोअरवेलचे पाणी अजिबात नको. क्षाराचा 0.02 मिमी थर बसला तरी 1 मिमीच्या नळीचा प्रवाह 15 टक्क्यांनी घटतो. थर बसलाच तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, नंतर भरपूर डिस्टिल्ड पाणी.

ग्लिसरीनसाठी ही नळी निरुपयोगी. 25 अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी पाण्याच्या हजारपट असते, त्यामुळे याच हेडला तासाभरात 1 मिलीही पडणार नाही. ऑर्डर देतानाच 4 मिमी बोअरची नळी वेगळी मागा: 256 पट प्रवाह, म्हणजे मिनिटाला तीनेक मिली. आणि ग्लिसरीनची बाटली बंद ठेवा, हवेतली ओल शोषली की ते पातळ होते.