समुद्री माशांची टाकी बदलताना: एका दिवसात की महिनाभरात?
म्हापशाहून मडगावला बिऱ्हाड हलवताना दुसरी टाकी आधी चालवून ठेवायला वेळच नसतो. सगळं एका दिवसात. जुने दगड ओलेच न्यायचे, उपयोगी जिवाणू त्यांतच असतात. वाळू मात्र नवी घ्यावी. मी जुनी मूठभर उपसली तर काळा गाळ उठला, कुजक्या अंड्यांचा वास! असला गाळ ढवळला की पाण्यात विषारी अमोनिया चढतो, मासे तोंड वर करून धापा टाकतात.

घर तेच असेल तर मी नवी टाकी चार-सहा आठवडे आधीच चालवीन. अमोनिया, नायट्राइट ही दोन्ही विषं शून्यावर आली की आधी गोगलगायी, मग क्लाउनफिश. जिवांना हेच सुखाचं.

पाण्याची सापेक्ष घनता (खारटपणाचं माप) दोन्ही टाक्यांत 1.025 हवी. पावसाळ्यात मिरामार किनाऱ्यावरचं पाणी नकोच. मांडवीच्या पुरानं खारटपणा उतरलेला असतो.