मंजुरीच्या आधी मिळालेलं फेनफ्लुरामिन, 5 पैकी 4 स्टार

लेकीला ड्राव्हे सिंड्रोम आहे, म्हणजे तान्हेपणी सुरू होणारा, औषधांना सहज न जुमानणारा फिट्सचा जनुकीय आजार. सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली ती अर्धा तास थांबलीच नाही, मग व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम ही फिट्सची औषधं, कीटो डाएट सगळं करून झालं, मधे एका डॉक्टरांनी कार्बामाझेपिन दिलं तर फिट्स अजूनच वाढल्या (ड्राव्हेत कार्बामाझेपिनसारखी सोडियम चॅनलवाली औषधं उलटतात हे जीन टेस्ट आल्यावर कळलं, असो).

फेनफ्लुरामिन या औषधाला अमेरिकेत ड्राव्हेच्या फिट्ससाठी एफडीएची (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) मंजुरी जून 2020 ला मिळाली, आम्हाला एक्सपांडेड अॅक्सेसमधून (मंजुरीआधीच, ट्रायलबाहेर गंभीर पेशंटला औषध द्यायची सोय) त्याआधीच सुरू झालं. ट्रायलमध्ये प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) वाट्याला येऊ शकतो, इथे ती भीती नाही. पण अर्ज आपण नाही करायचा, डॉक्टरच करतात, कंपनी औषध द्यायला तयार हवी आणि एथिक्स कमिटीचा होकार हवा. आमची फाइल हॉस्पिटलमध्ये एका टेबलावर तीन आठवडे नुसती पडून होती, आणि तेवढ्यात आम्ही दोनदा इमर्जन्सीत जाऊन आलो. एक स्टार त्याचा कापला.

नवरा तर सहीच करेना. हेच औषध आधी वजन कमी करायला विकायचे आणि हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून 1997 ला बाजारातून काढलं होतं ना! डॉक्टरांनी समजावलं की तेव्हा लोक दिवसाला 60 ते 120 मिलिग्रॅम घ्यायचे, इथे कितीही वजन असलं तरी 26 च्या वर नाही, आणि सोबत स्टिरिपेंटॉल हे फिट्सचं दुसरं औषध असेल तर 17 च. तेव्हा कुठे पेन उचललं.

औषध पातळ आहे, सकाळ-संध्याकाळ सिरिंजने द्यायचं, डोस वजनाप्रमाणे हळूहळू वाढवतात. आधी आठवड्याला नऊ-दहा मोठ्या फिट्स असायच्या. दुसऱ्या महिन्यात वहीत सलग 11 दिवस कोरे, मी पानं उलटून बघतेय की लिहायचंच राहिलं की काय! फिट्स पूर्ण गेल्या नाहीत, तापात अजूनही येतात.

भूक मात्र मेली. दोन घास खाल्ले की तोंड फिरवते, वजन दर आठवड्याला बघावं लागतं, सुरुवातीला झोपही खूप यायची. आणि इको (झडपा बघायला हृदयाची सोनोग्राफी), तो औषध सुरू करायच्या आधी, मग दर 6 महिन्यांनी, आणि औषध बंद केल्यावरही एकदा. जेल थंड लागतं म्हणून ती दरवेळी रडते, आता मी ट्यूब आधी हातात धरून गरम करते.

मंजुरीनंतर हा प्रोग्रॅम संपला आणि औषध इन्शुरन्सकडून घ्यायची वेळ आली, त्या लढाईचा रिव्ह्यू वेगळा लिहीन.