लिफ्टची पाटी: मोडायची की बदलून घ्यायची?

‘घरकामगार व डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी.’ मुंबई-पुण्याच्या टॉवरांमध्ये ही पाटी नवी नाही. समजा, सर्व्हिस लिफ्ट बंद पडली आहे, तुम्ही अकराव्या मजल्यावर राहता आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे गुडघे दुखतात. त्यांना सोबत घेऊन सरळ रहिवाशांच्या मोठ्या लिफ्टमध्ये शिरायचं, की पाटी पाळून कमिटीशी भांडायचं?

आधी एक गाळणी लावू. लिफ्टमध्ये किती जणांनी चढायचं हाही नियमच आहे, पण तो मोडला तर सगळ्यांचाच जीव धोक्यात येतो. तिथे चर्चाच नको. (हेल्मेट न घालणारे पुणेकर सत्याग्रहाची भाषा बोलू लागले की मला हसू येतं.) लिफ्टच्या पाटीने मात्र कुणाचा जीव वाचत नाही. ती फक्त कोण कुठे उभं राहायचं ते ठरवते.

उघड मोडण्याचं मोठं उदाहरण म्हणजे दांडी. गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून काय करणार ते आधी कळवलं, १२ मार्चला निघाले आणि ६ एप्रिलला मीठ उचललं. महिन्याभरात अटक झाली. पुढच्या वर्षीच्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या लोकांना घरच्यापुरतं मीठ गोळा करायची मुभा मिळाली. कर मात्र १९४७ पर्यंत राहिला. म्हणजे या वाटेने लक्ष लवकर वेधलं जातं, नियम लगेच जातोच असं नाही.

महाडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि लिफ्टच्या जास्त जवळची. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता, आणि महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी प्यायलं तेव्हा मोडली ती रूढी, कायदा नव्हे. तरी परिषदेला आलेल्यांना मार खावा लागला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तर विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणला. जमलेले लोक पाणी घ्यायला उतावीळ होते, पण बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. तळ्याभोवती मिरवणूक निघाली, पाण्याला कुणी हात लावला नाही. मनुस्मृती त्याच परिषदेत जाळली गेली, म्हणजे थांबणं हे नमणं नव्हतं. कोर्टाची लढाई हायकोर्टात जिंकायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं.

म्हणून पहिलं काम, पाटीमागे नियम आहे का ते बघा. सोसायटीचे उपविधी (बायलॉज) कमिटीला परस्पर बदलता येत नाहीत. त्यासाठी सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदणीही. पाटी नुसतीच सेक्रेटरीच्या सहीची असेल, तर तुम्ही मोडताय ती रूढीच. सभेत ठराव झालेला असेल, तर पुढच्या सभेत तो बदलायला लावणं, नाहीतर उपनिबंधकांकडे जाणं ही वाट सरळ आहे. फक्त वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, आणि मावशींना उद्या सकाळीच यायचंय.

माझा कल उघड मोडण्याकडे आहे, पण एका अडचणीपाशी तो थबकतो. मोडणारे आपण आणि भोगणाऱ्या मावशी असं होण्याची शक्यता मोठी आहे. दांडीत मोडणाराच तुरुंगात गेला. इथे आपल्याला फार तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टोमणे मिळतील, मावशींचा मात्र गेटपास जाईल, आणि त्यासोबत त्याच इमारतीतली आणखी चार घरं. म्हणून आधी त्यांना विचारा. त्या ‘चला’ म्हणाल्या तर कमिटीला आपल्या सहीचं पत्र द्या: सोमवारपासून त्या माझ्यासोबत मोठ्या लिफ्टने येतील, दंड करायचा तर मला करा. चोरून, कॅमेरा चुकवून नेणं मला पटत नाही. त्यात पाटी जशीच्या तशी राहते आणि पकडल्या जातात त्या मावशीच.

आणि त्या ‘नको ताई, राहू दे’ म्हणाल्या तर? मग सभेची तयारी करा, शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करा. तोवर सर्व्हिस लिफ्ट बंद असेल त्या दिवशी भांडी आपण घासायची, पगार न कापता.