सोनं खरं, अक्षर खोटं

अमेरिकेत राहून इथली जुनी सोन्याची नाणी जमवणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. त्यातही जे अडीच डॉलरच्या 'इंडियन हेड' (अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचं मुख असलेल्या) नाण्यांच्या मागे आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं.

१९०८ ते १९२९ मधली ही मालिका, वर्ष आणि टांकसाळ धरून, अवघ्या १५ प्रकारच्या नाण्यांची. घोडं अडतं ते एकाच नाण्यापाशी, १९११ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेल्या. ती निघाली फक्त ५५,६८०. त्याच वर्षी फिलाडेल्फियात सात लाखांच्या वर पाडली गेली. दोन्हींत फरक काय, तर डेन्व्हरच्या नाण्यावर एक बारीक 'डी' आहे. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक.

मला ते एका नाणे प्रदर्शनात मिळालं. विक्रेत्याने माझ्यासमोर काट्यावर ठेवलं: ४.१८ ग्रॅम, बरोबर. यंत्राखाली धरलं: ९० टक्के सोनं, तेही बरोबर. 'तुम्हा लोकांना सोन्यातलं कळतं,' असंही वर म्हणाला. 'डी' किंचित पुसट होता, पण तसा तो काही अस्सल नाण्यांवरही असतो आणि हे त्याने मी विचारण्याआधीच सांगून टाकलं. रोख दिलेत तर सूट, आणि सोबत त्याच्या सहीचं प्रमाणपत्र.

ते घेऊन मी प्रमाणन संस्थेकडे पाठवलं. अस्सल ठरलेलं नाणं अशी संस्था बंद डबीत घालून देते; माझं मात्र डबीविनाच परत आलं. शेरा होता: टांकसाळीची खूण, म्हणजे तो 'डी', नंतर बसवलेली.

ही लबाडी फार हुशारीची आहे, म्हणून नीट सांगतो. नाणं फिलाडेल्फियाचं, शंभर टक्के अस्सल. त्यामुळे वजन, व्यास, टंच यातली कुठलीही परीक्षा ते पास होणारच. शिल्पकार बेला लायन प्रॅट यांनी या नाण्याचं चित्र आणि अक्षरं पृष्ठभागाच्या आत खोदल्यासारखी ठेवली. उठावाची आहे ती फक्त टांकसाळीची खूण, मागच्या बाजूला बाणांच्या टोकांच्या डावीकडे. म्हणजे सपाट जागेवर एक कण चिकटवला की काम झालं. सोनाराकडे नेऊन काही उपयोग नाही. निदान दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाणं तिरपं धरून उजेडात फिरवा आणि 'डी'च्या मुळाशी बघा. तिथे फट, रंगातला फरक किंवा भोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर हात आखडता घ्या.

परत घ्यायला विक्रेता तयार नाही. त्याचं प्रमाणपत्र आता वाचलं की संताप होतो. वर्ष आहे, वजन आहे, टंच आहे; 'डेन्व्हर' हा शब्द कुठेच नाही! पावतीवरही नाही. हे विसरून झालेलं नाही. राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केली आहे, पण रोखीचा व्यवहार असल्यामुळे जोर कमी पडतो. कार्डाने दिले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती.

हे नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी या प्रमाणन संस्थांच्या बंद डबीतलंच घ्या. डब्याही बनावट निघतात, म्हणून वरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर हातातल्या नाण्याशी ताडून बघा. सुटं घेणारच असाल तर पावतीवर '१९११, डेन्व्हर' असं लिहून घ्या आणि प्रमाणन नाकारलं गेलं तर पूर्ण पैसे परत, हेही त्याच पावतीवर. विक्रेता लिहून देत नसेल तर तिथूनच मागे फिरा.