बारवरून डिस्ककडे जाताना: पीआयए की बॅटडॉर्फ?

सिरॅमिकचे बार फोर-पॉइंट बेंडिंगने (चार ठिकाणी टेकवून, वाकवून) तोडून झालेत, वायबुलच्या सूत्रातले एम (स्ट्रेस वाढला की फुटण्याचा धोका किती झपाट्याने वाढतो ते सांगणारा घातांक) आणि सिग्मा-शून्य (ताकदीचा मूळ आकडा) हातात आहेत, पण प्रत्यक्षातला भाग दोन्ही दिशांनी ओढला जातोय. आता त्याच्या फुटण्याची शक्यता कशी काढायची? हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटसाठी ॲल्युमिनाच्या डिस्क बघताना मी इथेच अडलो होतो.

पीआयए, म्हणजे प्रिन्सिपल ऑफ इंडिपेंडंट ॲक्शन, सुटसुटीत आहे. प्रत्येक प्रमुख स्ट्रेस आपापलं काम करतो, दुसऱ्याची दखल घेत नाही. एक्सेलमध्ये अर्ध्या तासात उत्तर मिळतं. बॅटडॉर्फ आणि क्रोस यांची १९७४ची पद्धत चिरेपासून सुरू होते: चीर कुठल्या दिशेला आहे, तिच्यावर लंब स्ट्रेस किती, आणि मग सगळ्या दिशांवर इंटिग्रेशन; शिअर (चिरेच्या पृष्ठाला समांतर स्ट्रेस) त्यात बॅटडॉर्फ आणि हाइनिश यांनी १९७८मध्ये आणला. लंब स्ट्रेस सगळ्या दिशांवर धरायची कल्पना मात्र वायबुलने १९३९मध्येच मांडली होती.

मला पीआयएचा एकच त्रास झाला, पण तो पुरला. बारवरून काढलेला सिग्मा-शून्य डिस्कला लागूच पडेना. क्षेत्रफळाचा फरक धरूनही रिंग-ऑन-रिंगवर (मोठ्या कड्यावर ठेवून छोट्या कड्याने दाबायची चाचणी, जिच्यात डिस्क दोन्ही दिशांनी सारखी ओढली जाते) डिस्क अंदाजाच्या बऱ्याच आधी फुटायच्या. आधी मी पावसाळ्याला दोष दिला. बार मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तोडले होते, डिस्क जुलैत, आणि ओलाव्यात चिरा हळूहळू वाढतात हे खरंच आहे. म्हणून एका दुपारी, एकाच खोलीत, एकाच बॅचचे बार आणि डिस्क तोडले. फरक थोडा घटला, गेला नाही. आता डिस्कसाठी वेगळा सिग्मा-शून्य बसवायचा, तर मग बार तोडले कशाला?

एम १० धरा. चिरा पृष्ठभागावर, त्याला काटकोनात, सगळ्या दिशांना सारख्या. दोन्ही बाजूंनी समान ओढ असेल तर पीआयएच्या मते धोका दुप्पट होतो, म्हणजे ताकद एका दिशेच्या ओढीच्या ९३ टक्के उरते. फक्त लंब स्ट्रेस धरून सगळ्या दिशा मोजल्या तर धोका साधारण ५.७ पट आणि ताकद ८४ टक्के. कारण सरळ आहे: एका दिशेच्या ओढीत ओढीला समांतर असलेल्या चिरा वाचतात, समान ओढीत एकही वाचत नाही. माझ्या डिस्क ८४च्या बाजूला होत्या. नमुने मोजकेच होते, त्यामुळे फार ठामपणे सांगत नाही.

बॅटडॉर्फमध्येही डोकेदुखी आहे. चिरेचा आकार कुठला, शिअरला किती वजन द्यायचं, हे आपणच ठरवायचं असतं, आणि सुरुवातीला तो मला निव्वळ अंदाजपंचे कारभार वाटला. पण ग्रिफिथची चीर (सरळ, लांबट भेग) घेऊन ऊर्जेच्या निकषात शिअर धरला, तरी वरच्याच उदाहरणात ताकद ८७ टक्के येते. शिअरला आणखी वजन दिलं की आकडा अजून वर सरकतो, हे मान्य. तरी नेहमीच्या निवडींमधलं हे अंतर मला पीआयएच्या चुकीपेक्षा परवडतं.

तुमच्या भागात एकच प्रमुख ओढ असेल आणि बाकी दाब, तर पीआयए वापरा, माझी हरकत नाही. दोन ओढी जवळजवळ सारख्या असतील, तर पीआयएची चूक धोका कमी दाखवण्याच्या बाजूची असते, आणि भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला तीच महागात पडते. मी तिथे बॅटडॉर्फ घेतो, आणि शिअरचं वजन ठरवण्याआधी त्याच दिवशी आठ-दहा डिस्कही तोडून घेतो.